वणव्याचा धनी कोण?

नागपूरच्या सुशिक्षित कुटुंबांचा वैशाखातला एक ठरलेला क्रम आहे. मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि कूलरच्या ओल्या ताट्यांनीही खोली निवेनाशी झाली, म्हणजे ज्यांस शक्य असेल ती मंडळी पचमढीची किंवा चिखलदऱ्याची वाट धरतात. मध्यप्रांताचे सरकारच एके काळी उन्हाळ्यात पचमढीस जाऊन बसत असे. तेव्हा ही परंपरा राजमान्य म्हणावयास हरकत नाही. तिला अनुसरून प्रस्तुत लेखकही गेल्या एका उन्हाळ्यात सात दिवस चिखलदऱ्यास जाऊन राहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीच्या त्या पठारावरून गाविलगडाची तटबंदी दिसावी, तिच्यापलीकडे मेळघाटाच्या एकामागून एक उतरत गेलेल्या रांगा दिसाव्यात, एवढीच अपेक्षा होती. पहिले चार दिवस त्यांपैकी काहीच दिसले नाही. दिसला तो केवळ धूर. सकाळी तो दऱ्यांत साचलेला असे, दुपारी तांबूस होई आणि संध्याकाळी सूर्य क्षितिजाच्या पुष्कळ वर असतानाच त्यास गिळून टाकी. रात्री समोरच्या डोंगराच्या अंगावर आगीची एक वाकडी रेघ हळूहळू वर सरकताना दिसे. आमच्या व्हरांड्यातील एका सद्‌गृहस्थांनी तिला ‘डोंगराची दिवाळी’ असे नाव दिले व मुलांस मुद्दाम जागे करून ती दाखविली.

पाचव्या दिवशी दुपारी ढग चढले, सोसाट्याचा वारा सुटला, विजा कडाडू लागल्या आणि गारांसकट पाऊस कोसळला. पुढील दोन्ही संध्याकाळी हाच प्रकार झाला. धूर निवळला, रांगा दिसू लागल्या, हवेत गारवा आला. ‘अखेर देवानेच विझविली’ असे म्हणून मंडळींनी समाधानाने चहा घेतला व सामान बांधले. हा लेख त्या समाधानाविरुद्ध आहे.

निसर्ग आग लावतो, निसर्गच ती विझवितो, आणि मनुष्याने मध्ये न पडता दुरून पाहावे, असे या समाधानामागचे तत्त्वज्ञान आहे. ते सोयीचे आहे, कारण त्यात पाहणारावर कोणतीच जबाबदारी येत नाही. परंतु ते आरंभापासून अखेरपर्यंत चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ही चूक केवळ अज्ञानाची नसून सुखवस्तूपणाची आहे, असेही आम्ही म्हणतो.

वणवा कशाने लागतो याविषयी त्या व्हरांड्यात आम्ही तीन मते ऐकली. तीच नागपुरातील बैठकींतही ऐकू येतात. त्यांचा क्रमाने समाचार घेऊ.

पहिले मत विजेचे. वीज पडते, झाड पेटते, रान जळते. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या पहाडांत असे पुष्कळदा घडते यात शंका नाही. तिकडे कोरडी वादळे होतात. वीज खाली उतरते आणि पाऊस वाटेतच हवेत विरून जातो. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातील वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले, त्या हंगामातील पुष्कळ मोठ्या आगी विजेपासूनच निघालेल्या होत्या. ती चित्रे आम्ही घरबसल्या पाहिली व तोच न्याय मेळघाटास लावून मोकळे झालो. पण आमच्याकडच्या वळवाची रीत निराळी. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बंगालच्या उपसागरावरून येणारा दमट वारा विदर्भात शिरतो. वायव्येकडील तप्त व कोरड्या वाऱ्याशी त्याची गाठ पडते. खाली जमीन भट्टीसारखी तापलेली असते व डोंगराचा उतार हवेस वर ढकलीत असतो. दुपारपर्यंत ढगांचे मनोरे उभे राहतात आणि मग वीज व पाऊस बहुधा बरोबरच येतात. जी वीज आपल्याबरोबर पाणी घेऊन येते तिला रान पेटविणे सोपे नाही. शिवाय मुद्दा काळाचा आहे. वनखाते आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरते, आणि सागाची व इतर झाडांची पाने गळून जमिनीवर वाळली की रान पेटू लागते. मेळघाटातील आगींचा भर फाल्गुन-चैत्रात असतो. वळीव जोर धरतो तो त्यानंतर. आरोपी गावात येण्यापूर्वीच गुन्हा घडून गेलेला असतो.

विजेवर ठेवावयाचा आरोप वेगळाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या हिशोबाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली. उघड्या शेतात काम करणारे, गुरांमागे फिरणारे, पावसापासून बचाव म्हणून एकट्या झाडाखाली उभे राहणारे लोक प्रामुख्याने यात सापडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे ॲप २०२० पासून उपलब्ध करून दिले आहे, ही स्तुत्य गोष्ट आहे. परंतु ज्याच्या हाती तो फोन असतो तो बहुधा व्हरांड्यात असतो, आणि ज्याच्यावर वीज पडते तो रानात असतो. वादळाचा वणव्याशी संबंध आहे, तो असा की पावसापूर्वीचा सोसाट्याचा वारा जळता पाचोळा उडवून जाळरेषेपलीकडे टाकतो आणि विझत आलेली आग नव्या खोऱ्यात नेतो. म्हणजे ज्या वादळाने आग विझविली म्हणून आम्ही त्यास हात जोडतो, त्यानेच ती तासाभरापूर्वी पसरविलेली असण्याचा संभव असतो.

दुसरे मत बांबूचे. बांबूवर बांबू घासतो व ठिणगी पडते, असे आम्हांस शाळेत शिकविले गेले आणि संस्कृत काव्यांतल्या ग्रीष्मवर्णनांनी ते दृढ केले. काव्यात ते शोभते. पण जंगलात हयात घालविलेल्या माणसास विचारावे की असे घर्षण त्याने डोळ्यांनी कधी पाहिले आहे काय. आम्ही ज्यांस ज्यांस विचारले ते सर्व हसले.

काव्याचा विषय निघाला आहे तर महाभारताकडे वळू, कारण आमच्या मनात वणव्याविषयी जी बेफिकिरी आहे तिचे मूळ फार जुने आहे. खांडववनाची कथा प्रत्येक मराठी घरात ठाऊक असते. अग्नीस वन खावयाचे होते. इंद्र पाऊस पाडून ते वाचवू पाहत होता. अर्जुनाने बाणांचे छत उभारून तो पाऊस अडविला आणि वन जळून गेले. त्यातून वाचले फार थोडे, आणि त्यांपैकीच एक असलेल्या मयाने पुढे पांडवांस अपूर्व सभा बांधून दिली. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही ही कथा अर्जुनाच्या बाजूने ऐकली. इरावतीबाई कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या प्रसंगातील क्रौर्याकडे बोट दाखविले, तेव्हा कोठे आमच्या वाचकवर्गास त्या वनात राहणारांची आठवण झाली. वन जळते आणि नगर उभे राहते. नगरातले लोक सभेची शोभा पाहतात. वनातल्यांचे काय झाले हे विचारीत नाहीत. आमची व्हरांड्यातली दिवाळी त्याच सभेतली आहे.

आता तिसरे मत. ‘वणवे लावतात ते जंगलातले लोकच. कोरकू, गोंड, अडाणी माणसे. मोहाच्या चार फुलांसाठी डोंगर पेटवितात.’ हे मत अर्धे खरे आहे. म्हणूनच ते इतर दोहोंपेक्षा अधिक घातक आहे. आगी माणसाच्या हातून लागतात हे खरे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साह्याने देशभरच्या आगींची सूचना वनखात्यांस देत असते, आणि आपल्या देशातील सुमारे ९५ टक्के वणवे मानवी कारणांनी लागतात हे आता सर्वमान्य झाले आहे. पण ‘मनुष्य’ म्हणजे कोण, आणि त्याने काडी का ओढली, हा प्रश्न पुढेच राहतो. आमचे सुशिक्षित बंधू नेमके येथे येऊन थांबतात.

मोहापासून आरंभ करू. फाल्गुन-चैत्रात पहाटेपासून मोहाची फुले टपटप गळतात. खाली पाचोळ्याचा थर असतो आणि फूल त्यात हरवते. बाई पहाटे टोपली घेऊन येते. घरचे दोन-तीन महिन्यांचे धान्य-मीठ या फुलांवर असते. जमीन स्वच्छ करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाचोळा पेटविणे. झाड स्वतःचे असेल आणि पुढच्या वर्षीही तेच झाड आपल्याकडे राहणार अशी खात्री असेल, तर ती बाई झाडून घेते, किंवा आग लावून ती विझेपर्यंत तेथे बसते. उद्या दुसराच कोणी येऊन फुले नेईल असे असेल, तर ती काडी ओढते व पुढच्या झाडाकडे जाते. अडाणीपणाचा यात काय संबंध? अनिश्चित हक्काच्या जमिनीशी शहाणा माणूसही असाच वागतो. आपल्या शहरातील रिकाम्या सरकारी भूखंडांवर कचरा कोण टाकतो, याचा विचार वाचकांनीच करावा. तेथे तर कोणी कोरकू राहत नाही.

मोहानंतर तेंदू. टेंभुर्णीच्या ज्या कोवळ्या पानात विडी वळली जाते ते पान वैशाखात तोडतात. झाड खुडले वा आगीने होरपळले की त्यास नवी, मोठी, नरम पालवी फुटते. म्हणून हंगामापूर्वी रान पेटविले जाते. हे पान तोडणारा स्वतःच्या चैनीसाठी तोडीत नाही. महाराष्ट्रात या व्यापाराची मक्तेदारी सरकारने १९६९ च्या कायद्याने आपल्या हाती घेतली. ठेकेदार लिलावात उतरतात. गोंदिया, भंडारा, कामठी या भागांत विडीच्या धंद्यावर पेढ्या उभ्या राहिल्या. त्या सर्व साखळीत ज्याच्या हातात काडी असते त्याच्या हातात सर्वांत कमी पैसा असतो. चांगले पान हवे असणारे दुसरेच आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या नावाच्या धर्मशाळा व शाळा आम्ही आदराने दाखवितो. वणव्याशी मात्र त्यांचे नाव कोणी जोडीत नाही.

यांशिवाय आणखी हात आहेत. वऱ्हाडातला शेतकरी उन्हाळ्यात धुरे पेटवितो, आणि शेत जंगलास लागून असेल तर ती आग धुऱ्यावर थांबत नाही. गुराखी नव्या गवतासाठी पेटवितो. कोणी जुन्या वैरापोटी पेटवितो. आणि शेवटी आम्ही आहोत: घाटात मोटार थांबवून विडी-सिगारेटचे थोटूक पाचोळ्यात टाकणारे, तीन दगडांवर चूल मांडून ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ रस्सा शिजविणारे. या यादीत जंगलातील मनुष्य एकटा नाही. मात्र दोष देताना आम्हांस तो एकटाच दिसतो.

हे असे का झाले, याचा इतिहास आमच्याच प्रांतात घडला आहे. कॅप्टन फॉरसाइथने सातपुड्याच्या अरण्यांवर १८७१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिला, त्यात डोंगरांवर रान तोडून-जाळून शेती करणाऱ्या गोंड-कोरकूंचे वर्णन आहे. त्या काळी आग हे रानातल्या माणसाचे शेतीचे हत्यार होते. सरकारास सागवान हवे होते. आपल्या सातपुड्यातीलच बोरीच्या जंगलात १८६४ च्या सुमारास आगीपासून रक्षणाचा हिंदुस्थानातील पहिला पद्धतशीर प्रयत्न झाला. त्यानंतर १८७८ चा व पुढे १९२७ चा वनकायदा आला. १९२७ च्या कायद्याची दोन कलमे वाचकांनी एकत्र वाचून पाहावीत. कलम २६ अन्वये राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे; इतकेच नव्हे, तर मुद्दाम वा घोर निष्काळजीपणाने आग लागली असेल तर त्या रानातील चराईचे व वनोपजाचे हक्क सरकार काही काळ तहकूब ठेवू शकते. कलम ७९ अन्वये त्या रानात ज्यांस काही हक्क वा परवानगी आहे त्या प्रत्येकाने आगीची वर्दी दिली पाहिजे व ती विझविण्यास मदत केली पाहिजे. म्हणजे रान सरकारचे, लाकूड सरकारचे, आग मात्र गावाची. काडी एकाने ओढली तरी गवत सर्वांचे बंद होऊ शकते. घर ज्याच्याकडून काढून घेतले त्यालाच त्या घराची राखण सक्तीने सोपविणारी ही व्यवस्था आहे, आणि ती यशस्वी होत नाही म्हणून आम्ही त्या माणसास नावे ठेवतो.

त्या आठवड्यात पाऊस पडण्यापूर्वी एका गावाच्या वेशीवर एका वृद्ध कोरकू गृहस्थांशी आमचे बोलणे झाले. समोरच्या टेकडीवर धूर होता. ‘बाबा, तुम्ही विझवायला जात नाही का?’ असे आम्ही जरा शहरी अधिकारानेच विचारले. ते म्हणाले, ‘बोलावलं की जातो, बाबूजी. न बोलावता गेलो तर पहिलं नाव आमचंच लिहितात.’ त्यांच्या स्वरात राग नव्हता. आम्ही पुढे काही विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही उरले नव्हते. जेथे आगीकडे धावणारा पहिला संशयित ठरतो, तेथे आग विझविण्यास पावसावाचून दुसरे कोण येणार?

‘तुम्ही आदिवासींचे स्तोम माजविता,’ असा आक्षेप येथे येईल. म्हणून भावनेची भाषा सोडून घडलेल्या गोष्टी सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या ग्रामसभेस आपल्या परंपरागत जंगलाचा सामूहिक हक्क मागता येऊ लागला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावास असा हक्क २००९ साली मिळाला, आणि आपला बांबू आपल्या परवान्याने विकण्याचा अधिकार २०११ साली हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावास २०१२ साली जंगलाचा हक्क मिळाला. त्या गावाच्या ग्रामसभेने काय केले? बांबूचे उत्पन्न सुरू होताच तेंदूची पाने तोडणे बंद केले. कारण तेंदूसाठी झाडे छाटावी लागतात व आगी लावाव्या लागतात. झाड राखले तर टेंभरे माणसांस व पाखरांस मिळतात. माधव गाडगीळ यांनी या निर्णयाविषयी लिहिले आहे. हातात येणारा रोख पैसा गावाने सोडला, तो कोणत्याही अधिकाऱ्याच्या हुकुमाने नव्हे. तर जंगल आता आपले आहे व ते जळले तर आपले जळते, एवढ्या एका कारणाने. मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर गावाने हक्क मिळाल्यावर आपल्या उजाड रानाची अशीच जोपासना केली व त्याबद्दल त्याचा राष्ट्रीय पातळीवर गौरवही झाला. पाचगावचे लोक मेळघाटच्या कोरकूंहून अधिक शिकलेले किंवा अधिक सात्त्विक होते असे कोणी म्हणणार नाही. अधिक होती ती मालकी.

दुसरा आक्षेप वनखात्याच्या बाजूने येईल, आणि त्यात तथ्य आहे. वनरक्षक व हंगामी अग्निरक्षक मजूर ज्या कष्टाने आग विझवितात त्यास तोड नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, हिरव्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपीत, पाठीवर पाचोळा उडविण्याचे यंत्र घेऊन ही माणसे डोंगर चढतात. त्यांतले कित्येक मजूर कोरकूच असतात. म्हणजे आग लावणारा म्हणून ज्यास आम्ही ओळखतो, तोच ती विझविणाराही आहे. व्हरांड्यावरून ते ओळखू येत नाही एवढेच. आमचे भांडण या माणसांशी नाही. उपग्रह आग दाखवितो, फोन वर्दी देतो. पण उपग्रहास आग कोणी व का लावली हे दिसत नाही, आणि ती पुन्हा लागू नये याचा बंदोबस्त तर आकाशातून करता येतच नाही.

तिसरा आक्षेप अधिक विद्वानांचा: ‘आग ही सर्वथा वाईटच काय?’ नाही; आणि हे कबूल करण्यानेच आमचा पक्ष बळकट होतो. हंगामाच्या आरंभी, गारवा असताना, थोड्या पाचोळ्यास लावलेली मंद आग वेगळी, आणि वैशाखात वाळून कोळ झालेल्या रानात शिरलेला वणवा वेगळा. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिग लोक सांगतात की त्यांची जुनी लवकरची आग बंद झाली आणि घाणेरी माजली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आर्नेम लँडमध्ये तेथील मूलनिवासींच्या लवकर जाळण्याच्या पद्धतीस या शतकात सरकारी मान्यता मिळाली, कारण तिने उशिराच्या भयंकर आगी घटतात. केव्हा जाळावे, कोठे जाळावे, कोठे मुळीच जाळू नये, ही एक विद्या आहे. ती आमच्या डोंगरांतही होती. आम्ही तिला प्रथम गुन्हा ठरविले, नंतर अडाणीपणा म्हटले. आणि आता तिचे जाणकार वृद्ध होत चालले असताना परदेशी पुस्तकांत ती वाचून आश्चर्य करतो.

आता त्या पावसाविषयी, ज्याने आमच्या मंडळींचे समाधान केले. गाविलगडचे डोंगर काळ्या अग्निजन्य दगडाचे. उतारावर माती उथळ. पाचोळा हे त्या मातीचे पांघरूण. ते जळून गेले की वळवाचा टपोरा थेंब सरळ उघड्या मातीवर आदळतो आणि राख-माती घेऊन ओढ्यात उतरतो. सिपना, गडगा, डोलार, खंडू, खापरा या मेळघाटाच्या नद्या ती तापीकडे नेतात. ज्या संध्याकाळी आम्ही हवा स्वच्छ झाली म्हणून आनंदलो, त्या संध्याकाळी खालचा ओढा काळा वाहत होता. आगीने जखम केली, पावसाने तीवरची साल सोलून नेली. शिवाय वारंवार जळणाऱ्या रानात सागासारखी आग सोसणारी झाडे टिकतात, नाजूक रोपे नाहीशी होतात आणि जमिनीवर घरटी करणारी पाखरे उठून जातात. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ कोणास न दिसलेला आणि १९९७ साली पुन्हा सापडलेला रानपिंगळा ज्या थोड्या जंगलांत टिकून आहे, त्यांत मेळघाटाचे स्थान फार मोठे आहे. हे सर्व ज्याने साठवावयाचे ते रान एका सरीने ‘वाचले’ असे म्हणणे म्हणजे घर जळाल्यावर पाऊस पडला म्हणून घर वाचले म्हणण्यासारखे आहे. २०२४ च्या मे महिन्यात उत्तराखंडातील वणव्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा कृत्रिम पाऊस वा पर्जन्यदेवता यांवर विसंबणे हे उत्तर नव्हे, असे न्यायालयानेही बजावले. त्या पीठावरील एक न्यायमूर्ती, भूषण गवई, आमच्या अमरावतीचे होते. मेळघाटाचा धूर त्यांस अपरिचित नसावा.

आपल्या नागपूरकडेही थोडे पाहू. त्याच मे महिन्याच्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश उष्णता दाखविली आणि एका दुपारीत ती बातमी घराघरांत पोचली. पुढे ते यंत्र बिघडले होते असे हवामानखात्याने जाहीर केले. बिघडलेल्या यंत्राचा आकडा आम्ही तत्काळ मानला, कारण तो आमच्या अंगास लागणाऱ्या उन्हाविषयी होता. उपग्रहांचे आगीविषयीचे इशारे दर हंगामात, दर दिवशी प्रसिद्ध होतात. ते चालू यंत्रांचे असतात. ते आमच्यापैकी कितीजण पाहतात? आणि मेळघाटाच्या धुरास नावे ठेवणाऱ्या आमच्या घरांतले दिवे कोराडी व खापरखेड्याच्या चिमण्यांवर जळतात, याचे स्मरण ठेवलेले बरे. एक धूर गरिबाचा म्हणून डोळ्यांत जातो, दुसरा आपल्या सोयीचा म्हणून दिसत नाही.

मेळघाट म्हटले की आम्हांस दोनच गोष्टी आठवतात, वाघ आणि कुपोषण. व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटाची गणना झाली तेव्हा आम्हांस अभिमान वाटला. बालमृत्यूंच्या बातम्या आल्या तेव्हा आम्ही हळहळलो. अभिमान आणि हळहळ यांत फारसा खर्च नाही. त्या डोंगरांतला माणूस आपल्या रानाचा धनी व्हावा, ही मागणी मात्र आम्ही कधी केली नाही, कारण तिने कोणाचा तरी ठेका, कोणाचा तरी अधिकार आणि थोडी आमची सहलही अडचणीत येते.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. जेथे कायद्याने शक्य आहे तेथे सामूहिक वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे न रखडविता मान्य करावेत, आणि आगीपासून रक्षणाचा पैसा ग्रामसभेच्या हाती माघ महिन्यात पडावा. राख झाल्यावर नव्हे. मोहाच्या झाडांची वाटणी गावाने स्वतः ठरवून घ्यावी, म्हणजे पाचोळा झाडण्याचे श्रम वाया जात नाहीत; झाडाखाली जाळी पसरून फुले झेलण्याची सोय सरकारने पुरवावी. तेंदू तोडावयाचा की नाही हे पाचगावाप्रमाणे प्रत्येक ग्रामसभेस ठरविता यावे, आणि तोडावयाचा असेल तर आग न लावता तोडलेल्या पानास अधिक भाव असावा. आग विझविण्यास धावून आलेल्या माणसाचे नाव लिहावयाचेच असेल, तर ते संशयितांच्या यादीत न लिहिता मजुरीच्या पुस्तकात लिहावे.

वाचकांकडे आमचे मागणे याहून लहान आहे. वणव्याची चौकशी वैशाखात, थंड हवेच्या ठिकाणी, चहाच्या पेल्याबरोबर करू नये. ती माघात करावी. पाने गळू लागतात तेव्हा आपल्या प्रतिनिधीस आणि आपल्या वर्तमानपत्रास एकच प्रश्न विचारावा: यंदा जाळरेषा झाल्या काय, आणि गावांच्या हाती पैसा पोचला काय? चार वर्षे हजारो घरांतून हा प्रश्न विचारला गेला, तर पाचव्या वर्षी उत्तर द्यावेच लागेल.

चिखलदऱ्याहून निघण्याच्या दिवशी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. त्या सद्‌गृहस्थांनी मुलांस पुन्हा व्हरांड्यात बोलावून समोरचा डोंगर दाखविला. खालपासून अर्ध्यापर्यंत तो काळा पडला होता. धाकट्याने विचारले, ‘बाबा, हे कोणी केलं?’ वडिलांनी आकाशाकडे पाहिले, मग डोंगराकडे पाहिले, आणि गाडी आली असे म्हणून ते उठले. त्या मुलास कोणी तरी उत्तर दिले पाहिजे. ते आपण द्यावे, एवढ्याकरिता हे लिहिले.